छल हवा, ब्रेकही हवा

२४ ऑक्टोबर १९७६. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या शर्यतीच्या ट्रॅकवर धो धो पाऊस कोसळत होता. डांबरावरून पाण्याचे ओहोळ वाहत होते, धुके उतरले होते. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेतील ही त्या वर्षातली शेवटची शर्यत. विश्वविजेतेपद कोणाचे, याचा निकाल इथेच लागणार होता. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा तीन गुणांनी पुढे होता आणि इंग्लंडचा जेम्स हंट त्याच्या मागावर होता. शर्यत सुरू झाली, दोन फेऱ्या झाल्या आणि लाउडाची लाल फेरारी ट्रॅक सोडून पिटमध्ये येऊन उभी राहिली. गाडीत कसलाही बिघाड नव्हता. अशा पावसात गाडी चालवणे धोक्याचे आहे आणि तो धोका मला पत्करायचा नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. इंजिन बिघडले असे आपण सांगू, असे संघाच्या मुख्य अभियंत्याने सुचवून पाहिले. लाउडाने तेही नाकारले. हंट त्या शर्यतीत तिसरा आला, त्याला चार गुण मिळाले आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने तो विश्वविजेता झाला.

या घटनेला पन्नासएक वर्षे झाली, तरी मोटार शर्यतींचे शौकीन अजून तिच्यावर वाद घालतात. लाउडा घाबरला होता, की त्या दिवशी ट्रॅकवर सर्वांत धीट तोच होता?

आमच्या घरात हा वाद जेवणाच्या ताटावर आला, तो ‘रश’ या २०१३ मधील इंग्रजी चित्रपटामुळे. लाउडा आणि हंट यांचीच ती गोष्ट. माझे माहेर खानापूरचे, मराठी. सासर धारवाडकडचे, कन्नड. त्यामुळे घरात मराठी, कन्नड आणि दोन्हींची मिसळ अशा तीन भाषा चालतात. मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि शाळेत असल्यापासून फॉर्म्युला वनचा वेडा आहे. रविवारी संध्याकाळी शर्यत असली की रिमोट त्याच्या हातात. पूर्वी मी स्वयंपाकघरातून नुसता इंजिनांचा घोंघाट ऐकायची. मग एकदा पोळ्या आटोपून समोर बसले आणि बसतच राहिले. त्या गाड्यांपेक्षा त्यांत बसणाऱ्या माणसांचे मला अधिक कुतूहल वाटू लागले. त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

चित्रपट पाहून झाल्यावर मुलगा आजीला म्हणाला, “अज्जी, हेदरिकोंडा अव!” म्हणजे घाबरला तो. सासूबाईंना मोटार शर्यतीतले काही कळत नाही, पण गोष्ट पुरती ऐकल्याशिवाय त्या निकाल देत नाहीत. “मुंदे एनायितु?” म्हणून त्यांनी पुढचे-मागचे सारे विचारून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, “अवनिगे छल इदे, बुद्धीनू इदे.” त्याच्याकडे छल आहे आणि बुद्धीही आहे.

‘छल’ हा शब्द मराठी कानाला दचकवतो. आपल्याकडे छळ म्हणजे जाच, छल म्हणजे कपट. कन्नडमध्ये मात्र छल म्हणजे जिद्द, हाती घेतलेले तडीस नेण्याचा हट्टी निर्धार. मुलगा परीक्षेत नापास होऊन पुन्हा अभ्यासाला बसला की शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, छल आहे हो पोरात. आपल्या शेजारच्या मुधोळचा महाकवी रन्न याने दहाव्या शतकात ‘गदायुद्ध’ लिहिले. त्यातला दुर्योधन या छलामुळेच मोठा वाटतो. सारे भाऊ गेले, सैन्य गेले, तरी माघार नाही. पण अखेर तो मांडी फुटून रणांगणावर पडतो, हेही तितकेच खरे. एकच शब्द कन्नडमध्ये गुण होतो आणि मराठीत जाच होतो. मोटार शर्यतीतल्या मोठ्या चालकांची चरित्रे वाचताना मला हा शब्द सारखा आठवत राहतो.

सहा आठवड्यांत परत

लाउडाला भित्रा म्हणण्यापूर्वी त्याआधीचे तीन महिने पाहावे लागतात. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथे शर्यत होती. डोंगर-जंगलातून वळणे घेत जाणारा हा जवळपास २३ किलोमीटरचा ट्रॅक. इतक्या लांबीच्या ट्रॅकवर कुठे आग लागली तर बंब आणि डॉक्टर वेळेत पोहोचणार नाहीत, म्हणून इथे शर्यत करू नये, असे लाउडाने आधीच चालकांच्या बैठकीत मांडले होते. मतदान झाले आणि त्याचा प्रस्ताव एका मताने पडला. मग बहुमत मानून तोही शर्यतीत उतरला.

दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी घसरून कडेच्या बांधावर आदळली, पेटली आणि पुन्हा ट्रॅकवर आली. मागून आलेली एक गाडी तिच्यावर आदळली. लाउडाला आगीतून बाहेर काढले ते बंबवाल्यांनी नव्हे, तर आपापल्या गाड्या थांबवून धावत आलेल्या चार चालकांनी. त्यांतला आर्तुरो मेर्झारियो याने आगीत वाकून त्याचा पट्टा सोडवला. चेहरा आणि डोके भाजले होते, कानाचा मोठा भाग गेला होता, विषारी धुराने फुप्फुसे निकामी होत आली होती. इस्पितळात धर्मगुरूने त्याच्यासाठी अखेरचा विधीही उरकला.

तो माणूस ४२ दिवसांनी, १२ सप्टेंबरला, इटलीत मोंझा येथे पुन्हा गाडीत बसला. डोक्याला बँडेज, त्यावर हेल्मेट. जखमा अजून ओल्या होत्या. तो चौथा आला. भीतीवर मी मात केली आहे, असे त्याने त्या वेळी सांगितले. पुढे आत्मचरित्रात मात्र त्याने मोकळेपणाने लिहिले की ते खोटे होते, मोंझाला भीतीने तो गारठून गेला होता.

म्हणजे मोंझाला भीती होती आणि तरी तो चालवत राहिला. फुजीला भीती होती आणि तो थांबला. माणूस तोच, अंतर सहा आठवड्यांचे. फरक होता तो हिशेबात. मोंझाला गाडी त्याच्या हातात होती. फुजीला पाण्यामुळे ती कोणाच्याच हातात नव्हती आणि भाजलेल्या पापण्या नीट मिटत-उघडत नसल्याने त्याला समोरचे दिसणेही अवघड झाले होते. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फुजीला थांबणारा लाउडा एकटा नव्हता. दोन वेळचा विश्वविजेता एमर्सन फित्तिपाल्दी आणि कार्लोस पासे या ब्राझीलच्या चालकांनीही त्या पावसात गाडी सोडून दिली होती. पण त्यांचे विजेतेपद पणाला लागले नव्हते, म्हणून त्यांना कोणी काही विचारले नाही.

पकडीचा हिशेब

हा हिशेब काय असतो, ते मुलाने मला एकदा ताटातल्या भाकरीवरून समजावले. टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे एक भाकरी समज. वळायला वापर, ब्रेकला वापर किंवा वेग वाढवायला वापर, भाकरी तेवढीच. अर्धी ब्रेकला खर्च केलीस तर वळायला अर्धीच उरणार. मोठा चालक दर वळणावर ही भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत वापरतो. सामान्य चालक थोडी शिल्लक ठेवतो. मूर्ख चालक नसलेला तुकडा खायला जातो आणि कठड्यावर आदळतो.

ऐकायला सोपे आहे, पण फॉर्म्युला वनच्या गाडीत त्यात एक पेच आहे. या गाड्यांच्या पुढे-मागे जे पंख असतात, ते विमानाच्या पंखांच्या उलटे काम करतात. हवेच्या जोरावर ते गाडीला जमिनीकडे दाबतात. वेग जितका जास्त, तितका दाब जास्त. दाब जास्त तितकी पकड जास्त. म्हणजे काही वेगवान वळणांवर गाडी वेगात असेल तरच रस्त्याला चिकटून राहते. वळणात शिरल्यावर चालकाला शंका आली आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला, तर गाडीचे वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. इथे अर्धवट मनाने जाण्यातच धोका असतो. जायचे की नाही, हे वळणाच्या अलीकडे ठरवायचे आणि एकदा ठरवले की मन डळमळू द्यायचे नाही. शर्यतीच्या जगात ज्याला ‘कमिटमेंट’ म्हणतात, ती ही.

पण हा सारा विश्वास एका गोष्टीवर उभा असतो. ट्रॅक कसा आहे, हे चालकाला ठाऊक असले पाहिजे. पावसात तेच जाते. आजचे पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतात, असे ते बनवणारी पिरेली कंपनी सांगते. एका टायरचा हा हिशेब. गाडीला चार टायर. हे फेकलेले पाणी मागच्या चालकाच्या डोळ्यांपुढे भिंतीसारखे उभे राहते. आणि टायरला फेकता येईल त्याहून जास्त पाणी साचले असेल, तर गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग फिरवून काहीच होत नाही. मग भाकरी किती उरली, हे कळायला मार्ग नसतो. फुजीला तेच झाले होते.

ज्याने पाय उचलला नाही

कॅनडाचा जिल व्हिलनव्ह हा शर्यतीच्या इतिहासातला सर्वांत लाडका चालक असावा. विश्वविजेता तो कधी झाला नाही, शर्यती जिंकल्या त्या सहाच. पण सर्वस्व झोकून देणे म्हणजे काय, हे विचारले की जुनी माणसे त्याचेच नाव घेतात. १९७९ मध्ये हॉलंडमध्ये टायर फुटल्यावर तो तीन चाकांवर, ठिणग्या उडवत पिटपर्यंत आला होता.

२५ एप्रिल १९८२ रोजी इटलीत इमोला येथे त्याचाच सहकारी दिदिए पिरोनी याने त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. वेग कमी ठेवा, असा संघाचा फलक दोघांनाही दाखवला गेला होता. आहे त्या क्रमाने शर्यत संपवायची, असा व्हिलनव्हने त्याचा अर्थ घेतला होता. त्याला हा विश्वासघात वाटला. त्याने पिरोनीशी बोलणे टाकले. पुढची शर्यत दोन आठवड्यांनंतर बेल्जियममध्ये झोल्डरला होती. ८ मे रोजी पात्रता फेरीत पिरोनीची वेळ त्याच्यापेक्षा सुमारे एक दशांश सेकंदाने सरस होती. फेरीचा वेळ संपत आला होता. समोर एक संथ गाडी आली. ती कोणत्या बाजूला वळेल, याची खात्री नव्हती. व्हिलनव्हने पाय उचलला नाही. चाकाला चाक लागले, गाडी हवेत उडाली आणि तो बाहेर फेकला गेला. त्या रात्री तो गेला. वय ३२, घरी बायको आणि दोन लहान मुले.

ती एक दशांश सेकंदाची लढाई विजेतेपदाची नव्हती, पहिल्या जागेचीही नव्हती. सहकाऱ्याला मागे टाकायचे, एवढाच हट्ट होता. इथे मला कन्नड ‘छल’ मराठी ‘छळ’ होताना दिसतो. राग चालकाच्या शेजारी येऊन बसला की हिशेब तोच करू लागतो.

पुढची कथा आणखी चटका लावणारी आहे. त्या वर्षी पिरोनी गुणतक्त्यात सर्वांच्या पुढे होता. ऑगस्टमध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला, भर पावसातल्या सरावात, पाण्याच्या फवाऱ्यात त्याला समोरची गाडी दिसलीच नाही. तो तिच्यावर जाऊन आदळला आणि त्याचे दोन्ही पाय चिरडले. विजेतेपद अवघ्या पाच गुणांनी हुकले आणि फॉर्म्युला वनमध्ये तो परत कधीच चालवू शकला नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, वेगवान बोटींच्या शर्यतीत इंग्लंडजवळच्या समुद्रात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मागे त्याच्या जोडीदारणीला जुळे मुलगे झाले. तिने त्यांची नावे ठेवली दिदिए आणि जिल. पुरुषांनी न मिटवलेले भांडण एका बाईने पाळण्यात मिटवले. तिकडे व्हिलनव्हचा मुलगा जाक १९९७ मध्ये विश्वविजेता झाला.

हॉकेनहाइमला पिरोनी ज्या गाडीवर आदळला, ती फ्रान्सच्या आलँ प्रोस्तची होती. त्या दिवशीचे दृश्य प्रोस्तच्या मनातून गेले नाही. १९८८ मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि १९८९ मध्ये अ‍ॅडलेडला, मुसळधार पावसात त्याने स्वतःहून गाडी थांबवली. त्याच्यावरही भित्रेपणाचा शिक्का मारणारे निघाले. याच प्रोस्तने चार विश्वविजेतेपदे आणि ५१ शर्यती जिंकल्या. निवृत्त झाला तेव्हा शर्यती जिंकण्याचा उच्चांक त्याच्या नावावर होता.

पावसाने आणि गुणांनी या माणसांशी अजब खेळ केला. १९८४ मध्ये मोनाकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यातच थांबवली गेली. प्रोस्त पुढे होता, पण शर्यत अपुरी म्हणून त्याला नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले. वर्षअखेर तो अर्ध्या गुणाने विश्वविजेतेपदाला मुकला. ते विजेतेपद ७२ विरुद्ध ७१.५ असे मिळाले ते निकी लाउडाला! फुजीच्या पावसात एका गुणाने गेलेले आठ वर्षांनी मोनाकोच्या पावसाने अर्ध्या गुणाने परत दिले. मधल्या काळात, १९७७ मध्येही, तो विजेता झालाच होता. थांबला म्हणून संपला, असे काही झाले नाही.

पाना बांधून फिरणारा विश्वविजेता

मोनाकोच्या त्या पावसात प्रोस्तच्या मागे दर फेरीला अंतर कमी करत एक २४ वर्षांचा नवखा येत होता. तो ब्राझीलचा आयर्टन सेना. पावसात त्याच्यासारखी गाडी चालवणारा दुसरा झाला नाही, असे आजही म्हणतात. पण सेनाकडे वळण्याआधी स्कॉटलंडच्या जॅकी स्ट्युअर्टला भेटायला हवे, कारण पुढे या दोघांची गाठ पडते.

१९६६ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे पहिल्याच फेरीत अचानक पाऊस आला आणि स्ट्युअर्टची गाडी घसरून खाली जाऊन पडली. टाकीतले पेट्रोल त्याच्या अंगावर गळत होते, पाय अडकलेले होते, एक ठिणगी पडली असती तर सारे संपले असते. मदतीला माणूस नाही, रुग्णवाहिका नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंग खोलले आणि सुमारे २५ मिनिटांनी त्याला बाहेर काढले. त्यानंतर स्ट्युअर्ट आपल्या गाडीत एक पाना चिकटवून ठेवू लागला. माझ्या मते मोटार शर्यतीच्या इतिहासातले हे सर्वांत शहाणे हत्यार.

तो काळच क्रूर होता. १९६८ साली एप्रिल, मे, जून आणि जुलै या चार महिन्यांत दर महिन्याला एक नामांकित चालक मरण पावला. त्यांत जिम क्लार्कही होता, स्ट्युअर्टचा जिवलग मित्र. त्याच ऑगस्टमध्ये न्युर्बुर्गरिंगला, धुके आणि पावसात, दुखावलेल्या मनगटाने स्ट्युअर्टने शर्यत जिंकली, तीही चार मिनिटांहून अधिक अंतराने. ज्या खेळात सेकंदाच्या भागांवर निकाल लागतो, तिथे चार मिनिटे! अशा माणसाला भित्रा कोण म्हणणार? तरी म्हणाले. कारण कठडे चांगले हवेत, पट्टे सक्तीचे करा, डॉक्टर आणि बंब जागेवर ठेवा, नाहीतर आम्ही चालवणार नाही, असे तो उघड बोलू लागला. त्याच्या पुढाकाराने चालकांनी १९६९ मध्ये स्पावर बहिष्कार टाकला. ट्रॅकचे मालक चिडले, काही पत्रकारांनी खेळाची मर्दुमकी गेली म्हणून गळा काढला. स्ट्युअर्ट हटला नाही. छल म्हणतात तो हा.

१९७३ हे वर्ष संपले की निवृत्त व्हायचे, असे त्याने एप्रिलमध्येच ठरवले होते. पण पत्नी हेलनला सांगितले नाही. सांगितले असते तर ती एकेक शर्यत मोजत बसली असती. या एका गोष्टीतून त्या घरातले रविवार कसे जात असतील, ते मला कळले. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे त्याचा तरुण सहकारी फ्रांस्वा सेव्हेर पात्रता फेरीत मरण पावला. दुसऱ्या दिवशीची शर्यत स्ट्युअर्टची शंभरावी आणि शेवटची ठरली असती. त्याने ती सोडून दिली. ९९ शर्यती, २७ विजय, तीन विश्वविजेतेपदे. शंभरचा आकडा पुरा करावा, असे त्याला वाटले नाही.

आता सेना. १९९० मध्ये जपानमधील सुझुका येथे पहिल्याच वळणावर सेनाने प्रोस्तच्या गाडीवर आपली गाडी घातली. दोघेही शर्यतीबाहेर गेले आणि विजेतेपद सेनाला मिळाले. ते जाणूनबुजून केले होते, हे त्याने वर्षभराने स्वतःच कबूल केले. सुझुकानंतरच्या मुलाखतीत स्ट्युअर्टने त्याला तोंडावर विचारले होते की, इतर विजेत्यांच्या मानाने तुझ्या गाडीच्या धडका एवढ्या का होतात? सेना संतापला. समोर जागा दिसूनही जो त्यात शिरत नाही, तो शर्यतपटू राहत नाही, अशा आशयाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. आजही मुले ते भिंतीवर लावतात. ते कशाच्या समर्थनासाठी दिले होते, हे मात्र कोणी लावत नाही.

तरी सेना एवढाच नव्हता. १९९२ मध्ये स्पा येथे सरावात एरिक कोमास हा चालक गाडी आदळून बेशुद्ध पडला. सेनाने आपली गाडी थांबवली, येणाऱ्या गाड्यांची पर्वा न करता धावत गेला, कोमासच्या गाडीचे इंजिन बंद केले आणि त्याचे डोके आधाराने धरून ठेवले. धोका त्यानेही पत्करला, पण दुसऱ्याच्या जिवासाठी. ३० एप्रिल १९९४ रोजी इमोलाला रोलँड रात्झेनबर्गर हा चालक पात्रता फेरीत गेला. सेना घटनास्थळी जाऊन आला आणि रडला. मालिकेचे प्रमुख डॉक्टर सिड वॉटकिन्स हे त्याचे मित्र. सोडून दे हे सारे, आपण मासे पकडायला जाऊ, असे त्यांनी सुचवले. काही गोष्टी आपल्या हातात नसतात, मला सोडता येणार नाही, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, टांबुरेलो नावाच्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. वय ३४. त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवायचा होता.

अठ्ठावीस सेकंद

सेनाच्या मृत्यूनंतर फॉर्म्युला वन खडबडून जागे झाले. ट्रॅक बदलले, गाडीतल्या चालकाच्या बसण्याच्या जागेचे कवच भक्कम झाले, २००३ पासून मान सांभाळणारे साधन सक्तीचे झाले. २०१४ मध्ये सुझुकाच्या पावसात जूल बियांकी क्रेनखाली जाऊन आदळला आणि पुढच्या वर्षी गेला. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची टायटॅनियमची कमान आली. अनेकांनी नाके मुरडली. गाडीचे सौंदर्य गेले, धोका नसेल तर मजा काय, असे म्हणणारे होते. त्या कमानीला विरोध करणाऱ्या चालकांत फ्रेंच रोमँ ग्रोजाँही होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. मी तेव्हा मुलाशेजारी बसले होते. आम्ही दोघेही काही बोललो नाही. सासूबाईंची जपमाळ थांबली. सुमारे २८ सेकंदांनी त्या ज्वाळांतून एक माणूस बाहेर आला. पाय अडकला होता, तो ओढून काढताना एक बूट आतच राहिला होता. हात भाजले होते, बाकी तो धडधाकट होता. कठडा फाटला तेव्हा डोके वाचवले ते त्याच कमानीने. आगीत आपल्याला तीन मुले आठवली, असे त्याने नंतर सांगितले. कमानीविषयीचे आपले मत बदलल्याचेही त्याने उघडपणे मान्य केले.

मला त्या रात्री लाउडाचे एका मताने पडलेले मतदान आणि स्ट्युअर्टचा पाना आठवला. ज्यांना भित्रे म्हटले गेले, त्यांच्या छलामुळे एका घरात तीन मुलांचे वडील परतले होते.

घाटातला रस्ता

आपल्याकडे मोटार शर्यतीची परंपरा मोठी नाही. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ शर्यत झाली आणि मग थांबली. पण वेगाचे वेड घरोघरी आहे. बारावी झाली की मोटारसायकल, आणि पहिला पाऊस पडला की चोर्ला घाट किंवा आंबोली. माझ्या मुलानेही हट्ट धरला होता. मी त्याला नको म्हटले नाही. आधी कोल्हापूरजवळच्या कार्टिंग ट्रॅकवर मित्रांबरोबर जाऊन ये म्हटले. तिथे हेल्मेट सक्तीचे, कडेला टायरांचे ढीग, सर्व गाड्या एकाच दिशेने जाणाऱ्या. चूक केली तर गाडी फिरते, माणूस हसतो आणि पुन्हा चालवतो. घाटात वळणापलीकडून वाळूचा ट्रक येत असतो, रस्त्यावर चिखल असतो, गाय बसलेली असते आणि कडेला दरी असते. तिथे वळणावर झोकून देणाऱ्याला आपल्या भाकरीचा अंदाज असूच शकत नाही. निकी लाउडाने जे विजेतेपदासाठी केले नाही, ते आपली मुले मोबाइलवरच्या चित्रफितीसाठी करतात.

मुलांना भीती घालून हे थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. भित्रा म्हणवून घेणे त्यांना अपघातापेक्षा वाईट वाटते. म्हणून त्यांना या माणसांच्या गोष्टी पुऱ्या सांगाव्यात. व्हिलनव्हची सांगावी, पण तेरा दिवसांच्या रागासह. सेनाचे ते वाक्य सांगावे, पण सुझुका आणि कोमाससह. लाउडाची गोष्ट मोंझापाशी थांबवू नये, फुजीपर्यंत न्यावी आणि मग १९७७ व १९८४ ही वर्षेही सांगावीत.

निकी लाउडा २० मे २०१९ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी गेला. तीन विश्वविजेतेपदे, स्वतःची विमान कंपनी, मुलेबाळे, असे भरपूर जगून गेला. त्याच्या चेहऱ्यावरचे व्रण शेवटपर्यंत होते. डोक्यावरचे व्रण झाकण्यासाठी तो लाल टोपी घालायचा आणि तिच्यावर जाहिरातदाराचे नावही मिरवायचा. शर्यतीच्या गाडीत वेग देणारा पेडल आणि ब्रेक शेजारी-शेजारी असतात. जो ब्रेक नेमका कुठे दाबायचा हे जाणतो, तोच त्याच्या अलीकडे निर्धास्त वेगात जाऊ शकतो. सासूबाईंनी हे दोन शब्दांत सांगितले होते. छल हवा, बुद्धीही हवी.